मीराबेलच्या पिल्लांना परवानगी

रूजेला आमिषाच्या खोपटात कोंडायचं हे शनिवारीच ठरलं होतं. ठरलं म्हणजे कोरीनने ठरवलं, तिच्या भावाने, एर्वेने, कुरकुरत मान हलवली आणि दोघांच्या वडिलांनी, आल्सिदने, आपण ऐकलंच नाही असं दाखवलं. आमिरो घराण्यातले बहुतेक करार असेच होत आले होते.

"एकच दिवस," कोरीन म्हणाली होती. "ती बाई येईल, जेवेल, मीराबेलला बघेल, बंदी उठवेल आणि जाईल. तेवढ्यात रूजे तिच्या नजरेला पडता कामा नये. त्याचा आवाज नको, केस नको, वाससुद्धा नको."

"खोपटात ठेवल्यावर वास वाढणारच," एर्वे म्हणाला. "हेरिंगची पिंपं भरून ठेवलीत. सोमवारी शेवंडीचे सापळे टाकायचेत."

"माशाचा चालेल. कुत्र्याचा नको."

कोरीनची कुत्री मीराबेल ऑन्टारिओहून विमानाने आली तेव्हा तिच्याबरोबर खाण्याची पिशवी, एक निळी चादर आणि एक बंदी आली होती. तिला वाढवणाऱ्या मूरियल कॅसलडेनच्या परवानगीशिवाय तिला पिल्लं होऊ द्यायची नाहीत. कोरीन आणि तिचा नवरा क्लेटन यांनी आनंदाने सही केली. चांगल्या घरची मुलगी देताना माणसं अटी घालतातच, आपण चांगले आहोत हे दिसलं की उठतील, असं दोघांना वाटलं. पहिल्या वर्षी तिच्या खुब्यांचा एक्स-रे काढला तो अस्पष्ट आला, आणि दुसरा काढून होईपर्यंत माज उतरला. पुढच्या वर्षी डोळे, हृदय, रक्त सगळ्यात मीराबेल पास झाली आणि तिच्यासाठी ठरवलेला नर नापास झाला. त्याच्या पुढच्या वर्षी फिनलंडहून एका नराचं गोठवलेलं बीज मागवलं. ते कुठल्याशा विमानतळावरच्या गोदामात पडून राहिलं, आणि गोठलेलं राहिलं नाही. क्लेटन ते आणायला हॅलिफॅक्सला गेला होता. ते कोमट भांडं त्याने शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवलं आणि तसंच परत आणलं. वाटेत तो त्याच्याशी काही बोलला की काय, हे कोरीनने कधी विचारलं नाही.

दरम्यान गावात पिल्लं वाटून झाली होती. एक दाताच्या डॉक्टरांना, एक फादरना, एक कोरीनच्या मावशीला, आणि मावशीला दिलं म्हणून आत्यालाही. मीराबेलने अजून नराचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि आत्या-मावशीचं बोलणं बंद पडलं होतं.

आता प्रश्न वयाचा होता. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संघाच्या नियमाप्रमाणे एका ठरावीक वयानंतर पहिलं वेत चालत नाही, आणि मीराबेल त्या वयाला वसंतात पोचत होती. देवाच्या राज्यात कशालाच उशीर होत नाही, असं कोरीनची आई झिता मनापासून मानत असे. कुत्र्यांच्या संघात होत होता.

कोरीनला हे वेत हवं होतं. होडी एर्वेला गेली, शेवंडीचा परवाना एर्वेला गेला, धक्क्यावरची जागा त्याचीच, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असंही नव्हतं. असंच असतं. पण आपल्यापासून सुरू झालेलं असं एक तरी या घरात असावं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्यांनी समजून घेतलं असतं, आणि तेच तिला नको होतं.

*

रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून येताच झिताने रापूरचं मोठं भांडं भट्टीतून काढलं. किसलेल्या बटाट्याचा खमंग सोनेरी पापुद्रा, आत कोंबडी. मूरियल वेळेवर आली. उंच, सावकाश बोलणारी बाई. तिने दारातच बूट काढले, मीराबेलला हात लावायच्या आधी हात धुतले, आणि झिताला ती लगेच आवडली.

"साखर?" चहा ओतताना मूरियलने झितासमोर भांडं सरकवलं.

"मी घेत नाही."

"तिचं व्रत आहे," एर्वेने सांगितलं. "मी पाळण्यात होतो तेव्हापासून. होड्या सुखरूप याव्यात म्हणून."

झिताने मूरियलच्या ताटात आणखी थोडं रापूर वाढलं.

मूरियलला ही माणसं आवडू लागली होती, आणि त्यामुळे ती जरा सावध झाली. नकार देणं तिला जमत असे. जेवल्यानंतर नकार देणं अवघड जाई. म्हणून तिने पहिला नकार जेवतानाच दिला.

"तुम्ही निवडलेला मॉन्क्टनचा नर चालणार नाही," ती कोरीनला म्हणाली. "कुत्रा सुरेख आहे. पण मीराबेलशी त्याचं नातं फार जवळचं लागतं. दोघांचे पूर्वज फार ठिकाणी एक होतात. जवळजवळ चुलत भावंडंच म्हणा. मी अशी जोड लावू देऊ शकत नाही, आणि कुठल्याही शहाण्या माणसाने लावू नये."

आल्सिद आणि झिता ही एकमेकांची चुलत-चुलत भावंडं होती, त्यांच्या लग्नाला चर्चची खास परवानगी लागली होती. एर्वेची बायको आईकडून आमिरोच होती. या किनाऱ्यावर कुणाला ओळखायचं तर युलिसचा आल्सिद, सिरीलचा युलिस असं मागे मागे जायचं, आणि फार मागे गेलं की सगळे एकाच स्वयंपाकघरात भेटत.

"आम्हाला बिशपने परवानगी दिली होती," आल्सिद शेवटी म्हणाला.

"कशाची?" मूरियलने विचारलं.

"काही नाही," कोरीन घाईने म्हणाली. "बाबा, लोणी द्या इकडे."

"बिशपने फक्त एवढंच विचारलं, की मुलगी राजी आहे का," आल्सिद पुढे म्हणाला. "डोळे तपासले नाहीत. खुबे तर नाहीच नाही."

"तपासले असते तर बरं झालं असतं," झिता हळूच म्हणाली. "जिना चढताना आठवण येते."

मूरियल हसली, आणि टेबल जरा सैल झालं. मग तिने आणलेली बातमी सांगितली. एप्रिलमध्ये तिच्याकडे स्वीडनहून एक नर येत होता. रक्त दूरचं, तब्येत उत्तम. वयाचं म्हणाल तर संघाच्या समितीवर ती स्वतः होती. एकदाच, थोडी सवलत तिने मागून घेतली असती. "मला घर बघायचं होतं, ते बघितलं. मीराबेल इथे सुखात आहे. आता माझी हरकत नाही."

कोरीनने काटा खाली ठेवला. टेबलाखाली क्लेटनने तिचा गुडघा दाबला. दोघांपैकी कुणीही वर बघितलं नाही. वर बघितलं तर मोडेल असं काहीतरी ते होतं.

इथे जेवण संपलं असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं. पण मूरियलला वाटलं, म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलावेत. ती आल्सिदकडे वळून आदराने म्हणाली, "तुमच्या या भागातच या जातीची सुरुवात झाली, नाही का? अर्थात आपल्याला माहिती आहे ती नोंदणी सुरू झाल्यापासूनची. त्याआधी नुसतीच लाल कुत्री होती."

कोरीनने डोळे मिटले.

"नुसतीच," आल्सिद म्हणाला.

"म्हणजे नोंद नसलेली."

"माझा आजा सिरील ती पाळायचा. कशी नोंदणार, त्याला सहीसुद्धा येत नव्हती. बदकं मात्र यायची."

"बाबा," कोरीन म्हणाली.

पण आल्सिद उठला होता. त्याने कोट घेतला, टोपी घेतली, आणि मूरियलसाठी दार उघडून धरलं. असं दार त्याने आजवर फक्त फादरसाठी धरलं होतं.

*

खोपटाचं दार उघडलं तेव्हा आधी वास बाहेर आला, मग रूजे. एर्वे मागून धावत आला होता. वडिलांना थांबवायला, असं त्याने नंतर सांगितलं. खरं म्हणजे त्यालाही बघायचं होतं. आपला कुत्रा जाणत्या माणसाला दाखवायची संधी किती वेळा येते.

खाडीत पलीकडच्या बाजूला बदकांचा थवा होता. आल्सिदने काडी फेकली. रूजे किनाऱ्यावरून धावला, काडी घेऊन नाचत परत आला, पुन्हा धावला. तांबडं अंग, पांढरं शेपटीचं टोक, मध्येच दगडाआड गडप, मध्येच प्रकट. त्याला बदकं दिसतच नाहीत असं वाटावं. आणि बदकं, कुणी बोलावलेलं नसताना, हळूहळू, माना उंचावत जवळ यायला लागली.

मूरियलने आयुष्यभर ही कुत्री वाढवली होती. तिच्या भिंतीवर फिती होत्या, कपाटात चषक होते. खेळून बदकांना बंदुकीच्या टप्प्यात ओढायच्या या कामाबद्दल तिने भाषणंही दिली होती. पण खऱ्या थंड किनाऱ्यावर, शिकवल्याशिवाय, हे होताना तिने क्वचितच पाहिलं होतं.

"कुणी शिकवलं याला?"

"त्याच्या आईने," एर्वे म्हणाला.

"आणि तिला?"

"तिच्या आईने. आम्ही फक्त काड्या फेकतो."

रूजे काडी घेऊन मूरियलच्या पायाशी आला आणि बसला. तिने त्याच्या कानामागे खाजवलं, खांदे चाचपले, पाठ चाचपली. मग मागच्या पायांपाशी तिचा हात थांबला.

"हा पूर्ण आहे," ती म्हणाली.

"पूर्णच आहे," आल्सिद अभिमानाने म्हणाला. "काय कमी आहे त्याच्यात?"

मूरियलने वळून कोरीनकडे पाहिलं. कोरीन पायऱ्यांवर उभी होती, हातात अजून पुसायचं फडकं.

"हा इथेच राहतो? मीराबेलच्या शेजारी?"

"ती माजावर आली की मी तिला शेलबर्नला सासूबाईंकडे ठेवते," कोरीन म्हणाली. "दर वेळी. कधीच काही झालं नाही."

"माझ्या आईच्या घरात कुणाचंच कधी काही होत नाही," क्लेटनने दुजोरा दिला. "कडक बाप्तिस्त पंथाची आहे ती."

मूरियलने मान हलवली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मला हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही. तुम्ही लपवलंत."

"पण कुत्रा सुरेख आहे की नाही?" आल्सिद म्हणाला.

"फार सुरेख. एका कागदावर जरी याचं नाव असतं, तर मी स्वतः माझ्या माद्या घेऊन इथे आले असते. पण कागदाशिवाय हा आमच्या दृष्टीने नाहीच."

"समोर उभा आहे."

"तेच तर," मूरियल म्हणाली. "नसलेला कुत्रा समोर उभा आहे, आणि पूर्ण आहे. दारं उघडी राहतात, मिस्टर आमिरो. उद्या पिल्लं झाली तर ती कुणाची, हे मला शपथेवर सांगावं लागतं. याचं ऑपरेशन करून घ्या. तसं झालं की मी बंदी उठवते. नाही तर नाही."

*

परत टेबलाशी बसल्यावर आमिरो मंडळी आपल्या बोलीत बोलू लागली. मूरियलला इंग्रजीखेरीज काही येत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना मोकळं बोलता आलं, आणि तिला टोमॅटोच्या लोणच्याकडे नीट बघता आलं.

"खच्ची करायचं," एर्वे म्हणाला. "माझ्या कुत्र्याला. तिच्या कुत्रीसाठी."

"माझ्या कुत्रीसाठी," कोरीन म्हणाली.

"तुझी कशी? पिल्लं व्हायला तिला विचारायचं, नवरा ती निवडणार. तू फक्त खायला घालतेस."

"तू तरी होडी बांधलीस का? बाबांनी दिली."

"आता होडीवर आलीस."

"मी कुठे आले? ती कायम इथेच उभी असते."

क्लेटनने घसा साफ केला. एवढी वर्षं ऐकून त्याला त्यांची बोली निम्मी समजे, आणि भांडणात निम्मी पुरते. "एर्वे, तसाही तो कुठे जातो? गावातल्या सगळ्या माद्या आता कागदवाल्यांच्या आहेत. त्याला कुणी विचारत नाही."

"विचारत नाही ही वेगळी गोष्ट. विचारलं तर काय, ही वेगळी."

"याच्यानंतर कोणी नाही," आल्सिद म्हणाला. तो इतक्या हळू बोलला की सगळे थांबले. "सिरीलच्या कुत्र्यांतला हा शेवटचा. युलिसकडे होती, माझ्याकडे होती, आता हा एक. त्या बाईची कुत्री कागदावर राहतील. ही कुठे राहणार? असला अपमान मी माझ्या घरात होऊ देणार नाही. पुरुषासारखा जगलाय तो, पुरुषासारखा मरेल."

एर्वेने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघांत असं कधी घडल्याचं कोरीनला आठवत नव्हतं. एरवी होडीच्या इंजिनावरूनही त्यांचं पटत नसे. आज मात्र घरातले पुरुष एक झाले होते, आणि क्लेटनसुद्धा नकळत खुर्ची जरा त्यांच्या बाजूला सरकवून बसला होता. तिला कळलं, हे गेलं. एप्रिल गेला. आता आत्या आणि मावशी पुन्हा बोलू लागतील, एवढंच.

ती उठून रिकामी ताटं गोळा करायला लागली.

झिताने मुलीकडे पाहिलं. ताटं एकावर एक ठेवताना ती आवाज होऊ देत नव्हती, लहानपणापासूनची सवय. झिताच्या हातात जपमाळ होती, जेवणानंतरची जपमाळ ती कधी चुकवत नसे, आणि ती चालू असताना बोलतही नसे. तिने माळ बोटांत थांबवली.

"आल्सिद," ती म्हणाली, "तुझं झालं तेव्हा एवढी चर्चा झाली नव्हती."

भट्टीतलं लाकूड तडकलं.

"माझं काय झालं?"

"यारमथच्या दवाखान्यात. एर्वे झाल्यावर."

आल्सिदचा चेहरा आधी पांढरा पडला, मग रूजेच्या रंगाचा झाला. "तो हर्निया होता."

"लोकांना आपण हर्निया सांगितलं," झिता म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, मिस्सेत मागच्या बाकावरून उत्तर द्यावं तसा. "डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक मूल झालं तर मी राहणार नाही. फादर म्हणाले, देवावर सोडा. तू कुणाला न विचारता गेलास आणि नसबंदी करून आलास. पाप तुझ्या माथी नको म्हणून मी साखर सोडली. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस. पण त्या दिवसानंतर तू कमी पुरुष झालास असं मला तरी कधी वाटलं नाही. होडी नेतच होतास."

कुणी कुणाकडे बघेना. मग एर्वे सावकाश म्हणाला, "थांबा. हर्निया नव्हता?"

"नव्हता," झिता म्हणाली.

"मग बाबांना जड उचलायचं नाही, म्हणून शाळेत असल्यापासून सापळे कोण उचलतंय? मी. माझी पाठ गेली."

"डॉक्टरांनी काही दिवस सांगितलं होतं," आल्सिद पुटपुटला.

"काही दिवस?"

"मग तुला सवय झाली होती."

कोरीनला हसू आलं. ते तिने दाबलं, आणि मग दाबता येईना. एर्वेने तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तोही हसायला लागला. कपाळ टेबलावर टेकवून, खांदे हलवत. आल्सिद उठला, भट्टीत एक लाकूड टाकलं, ज्याची काही गरज नव्हती, आणि पाठ फिरवून तिथेच उभा राहिला.

"करा काय करायचं ते," तो भट्टीला म्हणाला.

एर्वेने डोळे पुसले. हसू ओसरल्यावर त्याचा चेहरा एकदम थकलेला दिसला. "जनावरांच्या डॉक्टरांना उद्या सकाळी फोन करतो," तो बहिणीला म्हणाला. "सापळे टाकून आलो की."

मूरियलने झिताकडे बघितलं आणि ती क्लेटनकडे झुकली. "काय म्हणाल्या त्या?"

क्लेटनने थोडा विचार केला. "म्हणाल्या, हो."

*

निघताना मूरियलने कोरीनला गाडीपर्यंत नेलं.

"माझा अंदाज होता की तुम्हाला घरातून परवानगी मिळणार नाही," ती म्हणाली. "सहसा मिळत नाही. माणसं माझ्यावर चिडतात आणि या आशेतून सुटतात."

"म्हणजे तुम्ही अट घातली ती..."

"अट खरी आहे. पण मी खोटी आशा देणार नाही. मीराबेलचं हे पहिलंच, आणि तिचं वय झालंय. स्वीडनचा नर आला, सगळं जुळलं, तरी ती गाभण न राहता रिकामीच राहू शकते. पुष्कळदा राहतात."

"आणि रूजे?"

"त्याचं तोवर झालेलं असेल," मूरियल म्हणाली. तिला वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. "उद्या सकाळपर्यंत कळवा. नाही म्हणालात तरी मी समजेन."

गाडी वळणाआड गेली. कोरीन तिथेच उभी राहिली. खाडीवरून वारा येत होता. धक्क्यावर सापळे रचून ठेवलेल्या होड्या जड होऊन बसल्या होत्या. नाही म्हणायचा हा शेवटचा क्षण होता, आणि तो सोपा होता. आत जाऊन म्हणायचं, राहू दे. सगळ्यांनी तिला थोर म्हटलं असतं. जन्मभर ती तेच करत आली होती, आणि त्याबद्दल तिला थोर म्हणणं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं.

ती आत गेली तेव्हा घर बदललेलं होतं. क्लेटन पिल्लांच्या पेटीला फळ्या किती लांब लागतील ते हाताने मोजून दाखवत होता. एर्वे म्हणत होता, एक नर मला हवा, आणि आत्याला देण्याआधी. झिता जुन्या चादरी काढायला वर गेली होती. सगळं घर तिच्या बाजूला आलं होतं, असं पहिल्यांदाच झालं होतं. आणि मीराबेल कदाचित रिकामी राहील, हे त्यांच्यातल्या कुणालाही माहीत नव्हतं.

"एक सांगायचंय," कोरीन म्हणाली, आणि तिने सांगितलं. सगळं, मूरियलने सांगितलं तसंच.

एर्वेने खिडकीतून बाहेर पाहिलं. रूजे पायरीवर झोपला होता. "म्हणजे कदाचित त्याचंही जाईल आणि इकडेही काही नाही."

"हो."

"तुला हवंय का तरी?"

असं तिला या घरात कुणी विचारलं नव्हतं. तिने खोटं बोलायचा विचार केला, आणि मग सोडून दिला.

"हवंय."

एर्वेने नाक चोळलं. "ठीक. मी नेतो त्याला."

"नाही," कोरीन म्हणाली. "माझ्यासाठी चाललाय. मी नेणार. शुद्धीवर येईल तेव्हा त्याने मला बघायला हवं."

भट्टीपाशी उभ्या असलेल्या आल्सिदने अजून तोंड वळवलं नव्हतं. तो तसाच, पाठमोरा, म्हणाला, "पुढच्या सीटवर बसव. मागे त्याला मळमळतं."